जिप्सीचे कागद

आपल्या शाळेच्या मुख्य फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या गाडीच्या काचेवर एक गोल स्टिकर असते. ते मिळवण्यासाठी आर.सी.ची प्रत द्यावी लागते आणि आर.सी.वर स्वतःचे नाव असावे लागते. ऑक्टोबर २०२१ मधल्या एका रविवारी संध्याकाळी मी पांढरी जिप्सी घेऊन फाटकाशी आलो. ड्युटीवरच्या हवालदारांनी 'जय हिंद' केले, गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर बुटाने टकटक केली आणि आर.सी. मागितली. कार्डावरचे नाव त्यांनी दोनदा वाचले. मग विचारले, "सर, ये कौन साहब हैं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. "जिनसे ली है," एवढेच म्हणालो. त्यांनी रजिस्टर उघडले आणि 'व्हिजिटर'च्या रकान्यात गाडीचा नंबर लिहिला. त्या रात्री माझीच गाडी माझ्याच शाळेत पाहुणी म्हणून राहिली. पुढचे आठ महिने ती पाहुणीच होती.

मी या शाळेत गणित शिकवतो, हे कॅडेटांना माहीत आहे. पालकांना एवढेच सांगतो की मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. आमच्या गावापासून अपशिंगे मिलिटरी फार लांब नाही. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस फौजेत असतोच. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. शक्तिमान ट्रक आणि जोंगा ही त्यांची दोन दैवते. १९८३ साली ते पेन्शन आले. मारुतीची जिप्सी बाजारात आली १९८५ च्या डिसेंबरात आणि फौजेत तर त्यानंतर. म्हणजे फौजेच्या ज्या गाडीचे फोटो तुम्ही लहानपणापासून पाहिलेत, ती अण्णांच्या हाताला कधी लागलीच नाही. "आम्ही सुटलो आन् जिप्सी आली," हे वाक्य मी लहानपणी शंभर वेळा तरी ऐकले असेल. ते गमतीने म्हणत, पण दर वेळी म्हणत.

२०२१ साली अण्णा एकोणऐंशी वर्षांचे होते. आदल्या वर्षी आजारपणात ते खूप खचले. त्यांना एकदा इथे डोंगरात आणायचे आणि जिप्सीत बसवून शाळेपासून खालच्या नाल्यापर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर फिरवायचे, असे माझ्या मनाने घेतले. इथे हिवाळ्यात बर्फ पडतो, तेव्हा फोर बाय फोर गाडी उपयोगाची असते, हे मी पत्नीला सांगितलेले कारण. तेही खोटे नव्हते.

जिप्सीचे नागरी उत्पादन तोवर बंद झालेले होते. घ्यायची तर जुनीच. पंजाबातल्या एका शहरातल्या कार बाजारात मला २००९ सालची एक सापडली. १,२९८ सी.सी.चे पेट्रोल इंजिन, पुढे-मागे पाट्यांचे सस्पेन्शन, लो रेंजचा लिव्हर लोण्यासारखा पडत होता. मी अर्धा तास गाडीखाली टॉर्च घेऊन पडलो होतो. चेसिसला गंज आहे का, डिफरन्शियलमधून तेल गळते का, पुढचे हब फिरतात का, सगळे पाहिले. कागदांची फाइल मात्र पाच मिनिटांत चाळली. आर.सी. होती, विमा होता, प्रदूषणाचा दाखला होता आणि मालकाने सही केलेले फॉर्म २९ आणि फॉर्म ३० होते. तारखेची जागा कोरी होती. विक्रेता म्हणाला, मालक परदेशात आहेत, सह्या आधीच करून ठेवल्यात, तारीख तुमच्या सोयीने टाका. ३ लाख ४० हजार रुपये दिले आणि गाडी चालवत डोंगर चढलो. लोखंड पाहायला अर्धा तास आणि कागद पाहायला पाच मिनिटे. गणिताच्या माणसाने हे प्रमाण मांडायला नको होते.

फाटकावरचा तो प्रसंग झाला नसता तर कदाचित मी तशीच गाडी चालवत राहिलो असतो. पुष्कळ लोक चालवतात. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याच्या एजंटला फोन केला आणि नावावर करून देण्याचे काम पुढे ढकला म्हटले. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज खालचा होता. ऑनलाइन नोंदीत एक अडचण दिसते आहे, म्हणाला. मालक परदेशात नव्हते. ते २०१९ सालीच वारले होते.

"पण काळजी करू नका, सर," तो म्हणाला. फॉर्म २९ वर २०१९ च्या सुरुवातीची तारीख टाकायची. तेव्हा ते जिवंत होते. विक्री तेव्हाच झाली, नोंद करायला उशीर झाला, एवढाच अर्थ निघेल. उशिराचा दंड भरला की काम झाले. "सिर्फ तारीख ही तो डालनी है."

मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमानुसार गाडी विकली की त्याच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते, परराज्यातला असेल तर ४५ दिवसांत; आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. हे तेव्हा मी वाचून काढले होते. मालक वारला असेल तर वाटच वेगळी. वारसाने आधी फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची आणि मगच तिला ती विकता येते. म्हणजे माझ्याकडचा फॉर्म २९ हा कायद्याच्या दृष्टीने रद्दी होता. पण त्यावर एक तारीख पडली असती तर तो रद्दी राहिला नसता.

इथे मी एक गोष्ट लपवणार नाही. त्या रात्री मी ती तारीख टाकली. माझ्या पेनाने, माझ्या अक्षरात. तारीख कुठली टाकावी याचा विचारसुद्धा केला. रविवार येऊ नये म्हणून कॅलेंडर पाहिले. मग फॉर्म पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवला, सकाळी कुरिअर करायचे म्हणून.

सकाळी सहाला अण्णांचा फोन आला. ते पहाटे उठतात, इथे थंडी किती हे विचारायला फोन करतात. गाडी घेतल्याचे त्यांना सांगितले होतेच.

"गाडी कुणाच्या नावावर हाय?" त्यांनी विचारले. शुभेच्छा नाहीत, काही नाही.

मी सांगितले, जुन्या मालकाच्या. ते वारलेत. पण एजंट करून देतोय.

"मेलेला माणूस सही कशी करतोय?"

मी तारखेचे सांगितले. फोनवर बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटले, रेंज गेली. मग त्यांनी एक हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत ती मी कधी ऐकली नव्हती.

जम्मूकडच्या घाटात त्यांचा कॉन्व्हॉय चालला होता. फौजेत गाडी बाहेर पडायची तर वर्क टिकटावर ड्रायव्हरचे नाव आणि अधिकाऱ्याची सही लागते. त्या दिवशी एका गाडीचा ड्रायव्हर तापाने फणफणला होता. त्याच्या जागी दुसरा जवान बसला. टिकटावर नाव बदलून सही घ्यायला दहा मिनिटे लागली असती. घाई होती, कुणी बदलले नाही. ती गाडी दरीत गेली. चौकशी बसली. कागदावर जो ड्रायव्हर होता तो बराकीत झोपलेला, आणि जो मेला तो कागदावर नाही. तो ड्युटीवर होता हे सिद्ध व्हायला किती महिने गेले, अण्णांना नक्की आठवत नाही. त्यांनीही साक्ष दिली होती. त्याची बायको तिकडे सांगलीच्या बाजूला पदरात मूल घेऊन सैनिक बोर्डाच्या कचेरीत हेलपाटे घालत होती.

"धा मिन्टं लागली असती," अण्णा म्हणाले आणि थंडी किती आहे ते विचारले.

मी खण उघडला, पाकीट बाहेर काढले. कुरिअर केले नाही. पण फाडलेही नाही.

जिप्सीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जुने सर्व्हिस बुक सापडले. त्यावर निळ्या शाईत एक फोन नंबर होता. लावला, तर एका वृद्ध बाईंनी उचलला. माझे हिंदी आणि त्यांचे पंजाबी यांचा मेळ बसायला थोडा वेळ गेला. जिप्सीचा नंबर सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "ती तर मिस्त्रीकडे आहे. चार महिने झाले."

त्या रजिस्टरवरच्या मालकाच्या पत्नी होत्या. गाडी विकली गेली आहे हे त्यांना माझ्याकडून कळले.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या गावी गेलो. जिप्सी नेली नाही, बसने गेलो. याचे कारण सांगायला हवे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या दाव्यात स्पष्ट केले आहे की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून पुढे गेलेली असो, आर.सी.वर ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे मी कुणाला धडक दिली असती तर नोटीस गेली असती ती एका मृत माणसाच्या घरी. हे वाचल्यापासून मी किल्ली पत्नीच्या स्वाधीन केली होती. गाडी क्वार्टरच्या मागे ताडपत्रीखाली उभी. दर रविवारी जागच्या जागी पंधरा मिनिटे इंजिन चालवायचे, बॅटरी उतरू नये म्हणून.

त्या बाईंना सगळे गाव बीजी म्हणते. मीही म्हणालो. मोठे अंगण, एका बाजूला ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला टिनाची रिकामी शेड. तिथे जिप्सी उभी असायची. मोठा मुलगा शेती बघतो. धाकटा कॅनडाला जायच्या तयारीत होता. गाडी त्यानेच विकली होती. तो त्या वेळी घरातच होता. समोर आला, खाटेच्या कडेवर बसला आणि पूर्ण वेळ मान वर केली नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. वर्गात गृहपाठ न करता आलेला मुलगा दिसतो तसा तो दिसत होता.

मी फाइल उघडून फॉर्म २९ बीजींसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. तारखेकडे त्यांचे लक्ष गेलेच नाही. सहीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही यांची सही नाही. ते गुरुमुखीत सही करत. इंग्रजीत कधीच नाही."

मी त्या सहीच्या शेजारी माझ्या हाताने तारीख घातली होती. खोट्या सहीला खरे दिवस बहाल करण्याचे काम मी फुकटात, उलट पैसे मोजून करत होतो. त्या खोलीत त्या क्षणी दोन माणसे खाली पाहत होती. एक तो मुलगा आणि दुसरा मी.

गाडी परत द्यायची माझी तयारी होती, आणि तसे मी म्हणालोही. बीजींनी लगेच उत्तर दिले नाही. चहा आला, पिन्नी आली. माझ्या वडिलांबद्दल विचारले. ते फौजेत ड्रायव्हर होते म्हटल्यावर अजून दोन पिन्न्या ताटलीत पडल्या. मग म्हणाल्या, ते असते तर विकू दिली नसती. पण उभी राहून गंजण्यापेक्षा चालू दे. "पण विकणार मी. सही माझी होईल." पैशाचे त्या मायलेकांत पुढे काय झाले ते मी विचारले नाही. निघताना त्यांनी एकच मागितले. डॅशबोर्डच्या कप्प्यात पाठीमागे एक छोटी कंगवी असेल, लाकडी, पगडीखाली वापरायची. ती मिळाली तर पाठव. ती होती. पुढच्या खेपेला नेऊन दिली.

शाळेतल्या एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की विक्रेत्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करायला हवी होती. बरोबर असेल. पण तक्रारीत पहिले नाव त्या मुलाचे आले असते, आणि फॉर्मवरचे अक्षर कुणाचे या प्रश्नाचे उत्तर मलाही द्यावे लागले असते. विक्रेत्याच्या दुकानात मात्र गेलो. आधी त्याने कानांवर हात ठेवले, मग पंधरा हजार परत केले. ते पुढच्या खर्चात गेले.

आता सुरू झाली खरी पदयात्रा. फॉर्म ३१ साठी मृत्यूचा दाखला हवा, तो होता. इतर वारसांची ना-हरकत हवी. दोन्ही मुलांची झाली. बीजींची मुलगी ब्रॅम्प्टनला राहते. तिचे प्रतिज्ञापत्र टोरांटोतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित होऊन यायचे होते. ती तिथे नोकरीतून रजा काढून गेली, एक फोटो कमी पडला म्हणून परत आली, पुन्हा गेली. कागद जानेवारीत पोचला. तिने मला व्हॉट्सअॅपवर तिच्या बापाचा जिप्सीच्या बॉनेटवर हात ठेवलेला फोटो पाठवला. खाली काही लिहिले नव्हते.

दुसरी अडचण कर्जाची. आर.सी.वर 'हायपोथिकेशन' असा शेरा होता. गाडी बँकेच्या कर्जावर घेतली की असा शेरा पडतो आणि कर्ज फिटल्यावर तो आपोआप जात नाही. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो काढून घ्यावा लागतो. कर्ज २०१४ मध्येच फिटले होते आणि बँकेचे तेव्हाचे पत्र बीजींच्या ट्रंकेत, रेशमी रुमालात जपून ठेवलेले होते. पण अशा पत्राची मुदत तीन महिन्यांची असते. नवे घ्यायचे तर ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, शाखा हललेली, खात्याचा जुना नंबर नव्या यंत्रणेत उमटेना. तिथल्या एका तरुण अधिकारी बाईंनी स्वतः तळघरातले खतावणीचे गठ्ठे काढायला लावले आणि तिसऱ्या खेपेला पत्र हातात ठेवले. त्यांच्या टेबलावर आमच्या शाळेचे दिनदर्शिकेचे पान होते. त्यांचा भाचा आपल्याकडे सातवीत आहे असे नंतर कळले. मी त्याला हे सांगितलेले नाही.

माझ्या सुट्ट्या संपत आल्या होत्या. एकूण सात खेपा झाल्या. यातल्या काही खेपांचे वर्णन करण्यासारखे काही नाही. बाकावर बसलो, नंबर आला, साहेब जेवायला गेले.

चेसिस नंबरची गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण त्यात श्रेय माझे नाही. ना-हरकत दाखल्याच्या फॉर्म २८ वर चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा लावावा लागतो. गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो. तिथले ग्रीस रॉकेलने पुसायचे, वर पेन्सिल घासायची, मग सेलोटेप घट्ट दाबून अलगद उचलायची आणि कागदावर चिकटवायची. सांगायला सोपे आहे. माझे चार ठसे फाटले. हायकिंग क्लबचे दोन कॅडेट रविवारी गाडी पाहायला आले होते (ताडपत्रीखालच्या जिप्सीची शाळेत बरीच ख्याती झाली होती). त्यातला एक, दहावीतला, गाडीखाली सरकला आणि पहिल्याच प्रयत्नात स्वच्छ ठसा घेऊन बाहेर आला. मग तो आर.सी. घेऊन तिथेच गवतावर बसला आणि एकेक अक्षर जुळवू लागला. मी म्हटले, अरे, ते मी पाहिले आहे. तो म्हणाला, "सर, इथे तीन आहे. कार्डावर आठ आहे."

मी खरोखर पाहिले होते. दोनदा. पण आपण जे असायला हवे तेच वाचतो. जुन्या नोंदी संगणकावर चढवताना कुणाच्या तरी हातून ३ चा ८ झाला होता, आणि बारा वर्षे तो नंबर तसाच विम्यावर, कर्जाच्या पत्रावर उतरत आला होता. हा फरक इकडे तपासणीच्या दिवशी उघडा पडला असता तर गाडी चोरीची किंवा चेसिस बदललेली समजून थेट पोलिसांकडे गेली असती. ज्या कॅडेटने तो पकडला त्याला मी गणितात नेहमी 'घाई करतोस' असे लिहीत आलो होतो. त्या सत्रात ते लिहिले नाही.

दुरुस्ती मूळ नोंदणी कार्यालयातच होऊ शकत होती. गाडी समक्ष दाखवा, म्हणाले. तोवर फॉर्म ३१ मंजूर होऊन गाडी बीजींच्या नावावर लागली होती आणि त्यांच्या नावाचा नवा विमाही काढलेला होता, म्हणून या वेळी जिप्सी चालवत नेता आली. कंपनीच्या मूळ विक्रीपत्राची, म्हणजे फॉर्म २१ ची, प्रत बीजींच्या त्याच ट्रंकेत निघाली. त्या ट्रंकेने मला वाचवले असे म्हणायला हरकत नाही. तपासणीसाने ठसा ताडून पाहिला, नोंद बदलली. त्या दिवशी बीजी मोठ्या मुलाबरोबर कार्यालयात आल्या होत्या. फॉर्म २८, २९ आणि ३० वर त्यांनी गुरुमुखीत, सावकाश सह्या केल्या. तारीखही त्यांनीच घातली. नंतर बाहेर येऊन जिप्सीत डाव्या बाजूला बसल्या, दार लावून घेतले आणि काही वेळ तशाच बसून राहिल्या. आम्ही दोघे पानाच्या टपरीशी उभे राहिलो.

पुढचे भराभर झाले. हिमाचलात गाड्यांची नोंदणी एस.डी.एम. कार्यालयातच होते. तिथे परराज्यातून आलेल्या गाडीसाठी फॉर्म २७, सोबत २९, ३० आणि ना-हरकत दाखला, आणि इथला रोड टॅक्स नव्याने. जुन्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. तो अर्ज बीजींच्या नावाने भरून त्यांना पाठवला. जून २०२२ मध्ये माझ्या नावाची आर.सी. आली. फाटकावर तेच हवालदार होते. त्यांनी कार्ड वाचले आणि व्हिजिटरचे रजिस्टर मिटले.

इथे एक विषयांतर. फौजेच्या लिलावातली जिप्सी घेऊ का, असे काही पालक मला विचारतात. जरूर घ्या, पण हे ध्यानात ठेवा की फौजेची गाडी आर.टी.ओ.त नोंदलेलीच नसते. ६० व्या कलमाखाली तिची नोंद संरक्षण खात्याकडे असते, म्हणूनच तिच्या नंबराला बाणाचे चिन्ह असते. लिलावानंतर ती नागरी गाडी म्हणून पहिल्यांदा नोंदवावी लागते आणि त्यासाठी संबंधित फौजी अधिकाऱ्यांनी दिलेला मूळ फॉर्म २१ हवा. दलालाकडच्या झेरॉक्सवर भागत नाही. आणि नवी असो की जुनी, आर.सी.वर आता वारसाचे नाव नॉमिनी म्हणून लावता येते. २०२१ पासून ही सोय आहे. मी माझ्या मुलीचे लावले. ती म्हणाली, बाबा, मला ही गाडी नको, फार हादरे बसतात.

अण्णा नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. विमानाने या म्हटले तर ऐकेनात. पुण्याहून झेलम एक्सप्रेसनेच आले. त्याच गाडीने ते रजेवरून ड्युटीवर जात. बरोबर माझा चुलतभाऊ होता. अंबाला कँटला मी जिप्सी घेऊन पहाटे उभा होतो. अण्णा काठी टेकत बाहेर आले. अंगावर जुना खाकी स्वेटर. थंडी वाजत असेल, आधी बसा, म्हटले.

ते बसले नाहीत. "कागद दाव," म्हणाले.

मी आर.सी. दिली. स्टेशनच्या दिव्याखाली त्यांनी ती हात लांब करून वाचली. माझे नाव, बापाचे नाव म्हणून त्यांचे स्वतःचे नाव, मग चेसिसचा नंबर एकेक आकडा पुटपुटत. त्यानंतर चुलतभावाला म्हणाले, जरा वाकून बघ रं, आकडा हाच हाय का. तो बिचारा एवढ्या लांबच्या प्रवासानंतर मोबाइलचा उजेड धरून गाडीखाली वाकला.

"हाय," तो म्हणाला.

मग अण्णांनी काठी माझ्याकडे दिली आणि उजव्या बाजूचे दार उघडले.